शेवळांच्या जागी पिवळी फुलं

गावकारभारी हैबतरावांना या व्यवहारात बरंच मिळणार होतं. देवराईच्या पायऱ्यांशी फुलं, फुलांशेजारी पाटी, पाटीवर त्यांचं नाव, आणि महाळुंग्याहून रविवारी फिरायला येणाऱ्यांच्या फोटोत ती पाटी. इलाहीभाईंचाही तोटा नव्हता. गावाखाली ओढ्याकाठी त्यांची नर्सरी. तिथं वेडेलियानं पिशव्या फोडून रोपांच्या वाफ्यांवर चढाई केली होती. ती जमिनीवर पसरणारी, पिवळ्या फुलांची वेल त्यांनी टेम्पोभर फुकट दिली आणि वर देवीच्या कामाचं पुण्य पदरात पाडून घेतलं. आपण समोरच्याला गुंडाळलं असं दोघांनाही वाटलं. असे व्यवहार लवकर जुळतात.

चंद्राबाईंना, म्हणजे हैबतरावांच्या थोरल्या भावजयीला, कुणी विचारलं नाही. देवराईतलं पान तोडायचं नाही, काडी बाहेर न्यायची नाही, हा गावाचा नेम. सूट फक्त मृगात जमिनीतून वर येणाऱ्या शेवळांना, त्या रानभाजीला. ती चंद्राबाईंनी खुडायची, खाज मारायला काकडाची फळं घालून भाजी करायची, देवीला नैवेद्य दाखवायचा आणि मग घरोघरी चमचा चमचा वाटायची. हा मान सासूकडून आलेला. दुसरा कुठला मान त्या घरात बाईपर्यंत पोचला नव्हता.

दुसऱ्या पावसाळ्यात वेल पायऱ्या सोडून आत शिरली. मृग लागला तशा चंद्राबाई सकाळी जाऊन आल्या, दुपारी पुन्हा गेल्या, चूल पेटवता पेटवता उठून परत गेल्या. शेवटी काठीनं वेलीची गादी उचलून पाहिली. खाली दोन-तीन शेवळं, पांढुरकी, वाकलेली, कुजलेली. घरी काकडं तशीच सुकून गेली.

चंद्राबाईंनी वेल उपटा म्हटल्यावर हैबतरावांना नेम आठवला. देवराईतलं पान कसं तोडायचं, वहिनींसारख्या जाणत्या बाईनं असं बोलावं का, हे त्यांनी पारावर चार माणसांत ऐकवलं. चंद्राबाई तिथंच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, लावताना देवीचा कौल घेतला व्हता का?"

हैबतराव तंबाखू मळत राहिले.

"न्हाई ना? मग ते देवीचं न्हाई. तुमचं हाय. तुमचं तुमी घरी न्या."

पारावर कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी पोरं लावून वेल उपटली. विळा आत न्यायचा नाही, म्हणून हातानंच. ढीग मोठा झाला, पण घरी न्यायची हैबतरावांची तयारी नव्हती. त्यांनी तोड काढली: देवीच्या पायाशी होतं, म्हणजे निर्माल्य, ते उकिरड्यावर कसं टाकणार, वाहत्या पाण्यात सोडायचं. हे सगळ्यांना पटलं. चंद्राबाईंनाही पटलं; पहिली कवळभर वेल त्यांनीच हात जोडून ओढ्यात सोडली.

इलाहीभाई तिथं होते. तुटलेल्या पेरा-पेराला मुळं फुटतात हे त्यांच्या वाफ्यांनी त्यांना शिकवलं होतं. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, मग आमाला दिलीत कशाला? पाण्याला ओढ होती. नर्सरी ओलांडून जाईल, असा हिशेब करून ते गप्प बसले.

दसऱ्यापर्यंत ओढ्याचा काठ नर्सरीपर्यंत पिवळा झाला. इलाहीभाईंची बायको मैमुना वाफे बघायची. ती म्हणाली, "टेम्पोनं धाडली, ओढ्यानं परत आणून दिली. भाडंसुदीक न्हाई घेतलं." आणि नवऱ्याला वर गावात पिटाळलं.

इलाहीभाईंनी देवळासमोर सगळं सांगितलं. पाण्यात सोडायची नाही, कातळावर प्लास्टिक अंथरून काळी पडेस्तोवर वाळवायची, एक पेरही मागं ठेवायचं नाही. आधी का नाही बोललात, असं हैबतरावांनी विचारलं.

"फुकट दिलेल्या मालाचा दोष कोण सांगतंय, अण्णा?"

तेव्हापासून चंद्राबाई देवराईत बसून वेल वेचतात, मैमुना खाली काठावर. काल साफ केलेल्या फटीतून आज पुन्हा दोन पानं डोकावतात. चंद्राबाई वाटेनं चालतानाही खाली बघूनच चालतात. यंदा मृगात शेवळं आली, वाटीभर. नैवेद्य झाला. पोरीबाळी वाट्या घेऊन दारात आल्या, तेव्हा पातेलं खरवडून झालेलं होतं.

हैबतरावांची पाटी निघाली. इलाहीभाईंचे वाफे गेले. दोघं निदान काही मिळवायला निघाले होते. देवीचं देवीला पोचलं, गाव चमचाभर भाजीला मुकलं, आणि बाकी सगळं चंद्राबाई फेडतायत, गुडघ्यांनी.