पोवळ्याचं नाव

माझी दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरी पोरगी झाली तवा सासूबाईनं सोताच्या गळ्यातलं पोवळं काढून तिला बांधलं अन् नावबी पवळाच ठिवलं. हा तांबडा खडा लेकराची दिष्ट आपल्यावर घेतो म्हणायच्या. पोवळं कवातरी तुटल, नाव न्हाई तुटायचं. पोरगी जगली. मंग मी ते नाव सोडीन व्हय?

लग्नात सासरच्यांनी सोडवलं. आमच्याकडं नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिवतो. तिची सासू वत्सलाबाई हसत बोलली, "पवळा काय बाई! आमच्या तांबड्या बैलाचं नाव पवळ्या हाय." असं डोस्कं सणकलं माझं! मांडवातून उठले, चुलीपाशी जाऊन बसले. नवं नाव कुणी सांगाया लागलं की कानात बोटं घालायची. दोन वरसं अशीच गेली. जावई आदिनाथ माझ्यापुढं 'तुमची लेक' म्हणायचा, मी पवळा म्हणायची. कुठं अडलं न्हाई.

परवा अडलं. आदिनाथचा फोन आला, "मामी, माजलगावच्या दवाखान्यात या. बाळंतपण लई अवघड झालंय." लग्नात उतरवलेलं पोवळं डब्यातून काढलं अन् धारूरहून मिळल त्या गाडीनं निघाले. आत नेयाच्या आधी तिच्या गळ्यात बांधायचं, एवढंच डोक्यात.

दवाखान्यात आदिनाथ न्हाई, फोनबी उचलना. खिडकीतल्या बाईला म्हणलं, "पवळा सानप कुठं हाय?"

तिनं वही पाहिली. "अशी कुणी नाही, मावशी."

"अहो, बाळंतीण हाय!"

"सानप चार आहेत, त्यात पवळा नाही. सोबतचं माणूस येऊ द्या."

काय करणार? बाकड्यावर बसले. थोड्या वेळानं नर्स बाहेर आली. "वर्षाराणीचं कोण आहे?" कुणी उठलं न्हाई. ती पुन्हा ओरडली, "वर्षाराणीची आई आलीय का? ऑपरेशनला नेतोय, आईला बघायचं म्हणून रडतेय पोरगी."

माझा जीव कळवळला. शेजारच्या बाईला म्हणलं, "काय बाई आई तरी! अशा वक्ताला लेकीजवळ येऊ नये?"

नर्स आत गेली. दार लागलं.

मंग आदिनाथ रक्ताची पिशवी घिऊन पळत आला. पिशवी आत दिली अन् मला म्हणला, "मामी, भेटल्या का वर्षाराणीला?"

"कोण वर्षाराणी?"

"मामी... तुमची लेक."

तशीच उठले, दारावर हात आपटले. पवळा म्हणून हाक मारावी तर नर्सला काय कळणार? पोवळं मुठीत आवळलं अन् ओरडले, "वर्षाराणी! अगं वर्षाराणी, मी आलेय!" दोन वरसांत पहिल्यांदा ते नाव माझ्या तोंडी आलं.

दार उघडलं न्हाई.