ओठावर दाबू नका

मी ट्रॉम्बोन बोलतोय. मूल गावच्या लग्नांत तुम्ही मला 'लांब भोंगा' म्हणता. म्हणा. पण आज माझं डोकं फिरलेलं आहे, तेव्हा मधे बोलू नका.

मेरठच्या एका कारखान्यात पितळी पत्रा ठोकून मला घडवलं. ओठ टेकवायला छोटी वाटी, पुढे रुंद तोंड, आणि हाताने पुढेमागे सरकवायची लांब नळी. तिथून मी मूलला जंगूभाऊंच्या बँडपार्टीत आलो, बाबूभाईंच्या हाती.

बाबूभाई एरवी फुटक्या बादल्या, डबे झाळून द्यायचे. लग्नसराई आली की अंगात लाल कोट आणि हातात मी. वरचा सूर हवा असला की बहुतेक वाजवणारे मला ओठांवर दाबतात. मग सूर मधेच फाटतो, पायरी चुकलेल्या माणसासारखा धडपडतो आणि शिव्या मला! "बाजाच खराब आहे." अरे, खराब तुमची घाई! बाबूभाई दाबत नसत. खर्जातून तार सप्तकात ते असे जायचे की कुठे चढलो ते मलाही कळायचं नाही.

मग घुग्घुसची ती वरात आली. भर दुपार, रस्त्यावर कोळशाची धूळ. नवरदेवाचा मामा समोर नाचत होता. "और ऊपर! और ऊपर!" बाबूभाई वरच्या सुरावर होते. मामाने दोन्ही हातांनी माझी नळी पकडली आणि नाचाच्या भरात बाबूभाईंच्या तोंडाकडे ढकलली.

समोरचे दोन दात पडले. नळी वाकली. वाटीतून रक्त माझ्या घशात उतरलं.

नाच थांबला नाही. जंगूभाऊ ओरडले, "बाबू, बाजूले हो! क्लॅरिनेट, चालू ठेवा!"

आणि बाबूभाईंनी काय करावं? तोंडाशी रुमाल धरून ते मामालाच म्हणाले, "माफ करा साहेब, माझंच ध्यान नोतं."

मामाचा राग मला आहेच. पण त्या माफीचा राग जास्त.

दात बसवले, पण हवा निसटायची ती निसटायचीच. खर्ज यायचा, वर चढताना सूर तुटायचा. जंगूभाऊंनी त्यांच्या हाती झांज दिली. मी खाटेखाली गेलो. वर्षभर माझ्यावर धूळ बसली, पाली फिरल्या.

नाहीद ही बाबूभाईंची मुलगी, सव्वीस वर्षांची. बँडचे कोट तीच शिवायची. एका सकाळी तिनं मला ओढून बाहेर काढलं.

"अब्बा, मले शिकवा."

"पोरीच्या जातीनं भोंगा फुकते काय? लोक काय म्हणतीन?"

"तुमचे दात पाडले तवा लोक काय म्हणत होते?"

बाबूभाई उठले. ऐरण काढली आणि माझी नळी सरळ करायला बसले.

पहिले दोन महिने तीही इतरांसारखीच मला दाबायची. ओठ सुजायचे, सूर फाटायचा. मी तिच्यावरही चिडलो होतो.

"दाबू नको वं!" बाबूभाई म्हणायचे. "ओठाचे कोपरे घट्ट धर. खाली असताना जीभ 'आ' म्हणल्यासारखी, वर जाताना 'ई' म्हणल्यासारखी. हवा तोडू नको. बारीक कर अन् वेगानं सोड."

नळी हलवायची नाही. ती एकाच जागी ठेवून नुसत्या ओठांनी सूर खालून वर, वरून खाली.

"नाई होत!" एकदा तिनं मला खाटेवर आदळलं.

"मंग बाजावर काऊन रागावते? त्यानं काय केलं?"

त्या वाक्यासाठी मी त्यांना बरंच माफ केलं.

पाचव्या महिन्यात एका सकाळी ती खर्जातून वर गेली. मधला सांधा कुठे जाणवलाच नाही. बाबूभाईंच्या हातातली बादली तशीच राहिली. "परत कर," ते म्हणाले. तिनं केलं. "परत." ऊन अंगणात येईपर्यंत ते तेवढंच म्हणत होते.

माजरीला खाणीतल्या एका कामगाराच्या निवृत्तीची मिरवणूक होती. दुसरा कुणी ट्रॉम्बोनवाला मिळेना, म्हणून जंगूभाऊंनी नाइलाजानं तिला नेलं. "मांगं उभी राह्य," त्यांनी बजावलं. ती पुढे उभी राहिली.

मोबाईल वर झाले. एक पाहुणा हसत आला आणि त्यानं माझी नळी धरली. "दे नं, मी बी वाजवून पाहतो."

नाहीदनं मला ओठांवरून काढलं. "हात काढा, भाऊ."

तो काढेना. जंगूभाऊ खेकसले, "वाजव नं! पाहुणे हायेत ते!"

तेव्हा झांज थांबली. बाबूभाई झांज बगलेत मारून तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. "हात काढा म्हणते नं पोरगी. आयकू नाई येत?"

ढोल थांबला. क्लॅरिनेट थांबलं. सगळी मिरवणूक रस्त्यात उभी. अखेर त्या पाहुण्यानं हात काढला, आणि नाहीदनं श्वास भरून मला पुन्हा ओठांना लावलं.

नंतर जंगूभाऊंचा निरोप आला, पोरीनं माफी मागावी, मग बँडमध्ये यावं. बाबूभाईंनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि म्हणाले, "सांगजा, माफी आमच्या घरची संपली."

बोलावणं अजून आलेलं नाही. मी खुंटीवर असतो, रोज सकाळी अंगणात वाजतो. तुमच्या मांडवात कधी आलोच, तर खुशाल नाचा. फक्त हातभर लांब नाचा. खालून वर जाताना माझ्यात एका माणसाचा श्वास असतो. त्याला धक्का लावाल तर याद राखा.