रेघेखालचं एक बोट

डबा दाखवल्याशिवाय सुयांचं नवं पाकीट मिळत नाही, हा आमच्या दवाखान्याच्या खिडकीचा नियम. घरी वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या पांढुरक्या डब्यात टाकायच्या. सुया डब्यावरच्या रेघेला भिडल्या की मी झाकण दाबते. ते पुन्हा उघडत नाही. मग डबा भट्टीकडे जातो.

घड्याळवाल्या काकांचा डबा मुळात काकूंचा. त्यांना साखरेसाठी इंजेक्शन होतं. त्या गेल्या तेव्हा डबा निम्मा भरला होता. पुढे काकांनाही तेच इंजेक्शन लागलं.

"नवा डबा देते," मी म्हटलं.

"अर्धा रिकामाय की. उधळपट्टी कशाला?"

मोडक्या घड्याळांचे काटेसुद्धा जपून ठेवणारा माणूस, मला पटलं. डब्यावर काकूंच्या हातची चिठ्ठी होती : 'हात घालू नका. तुम्हालाच सांगतेय.'

रोज एक सुई. माझ्या हिशेबानं डबा केव्हाच भरायला हवा होता; पण तो रेघेखाली एक बोट अडून बसला. काकांचं तोंड मात्र सुकत चाललं. एकदा आले आणि माझ्याच बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायले.

"पाकीट देऊ?"

"आहेत अजून शिल्लक."

"तीस नेल्या होत्यात, काका. साठ दिवस झाले. पिल्लं घातली का सुयांनी?"

हसले नाहीत. मी त्यांचं बोट ओढून साखर तपासली. आकडा बघून माझा आवाज चढला. "मरायचंय का तुम्हाला?"

"मरायचं नाही गं. डबा भरायचा नाहीये." त्यांनी तो छातीशी धरला. "खाली तिच्या आहेत, वर माझ्या. भरला की तू घेऊन जाणार. टोचून घेताना ती म्हणायची, 'तोंड तिकडे करा.' मला सुई बघवत नाही ना. आता स्वतःला टोचतानाही तोंड तिकडेच जातं."

"म्हणून भलतीकडे टोचतं!"

"टोचतं खरं."

डॉक्टरांनी बोलावून यथेच्छ झापलं आणि समोर बसवून इंजेक्शन घ्यायला लावलं. ती सुई काकांनी डब्यात टाकली. रेघेची वाट न बघता मी झाकणावर हात ठेवला.

"चिठ्ठी?" ते म्हणाले.

डबा माझा, चिठ्ठी कुणाची, ते नियमात नाही. हातमोजे घालून मी ती कडेनं सोडवायला घेतली. पण काकूंचा डिंक पक्का; चिठ्ठी मधेच फाटली. 'हात घालू नका' डब्यालाच राहिलं. खालची ओळ तेवढी सुटली. ती काकांच्या तळहातावर ठेवून मी झाकण दाबलं. खट्ट झालं तेव्हा काकांनी तोंड तिकडे केलं होतं.

महिन्यानं ते नवा डबा घेऊन आले. मी प्रकाशात धरून अंदाज घेतला. तीस सुया, बरोबर. बाहेर चिकटवलं होतं : 'तुम्हालाच सांगतेय.' त्याच्यावर कोरी जागा.

"वर लिहा की काहीतरी."

"नको," काका म्हणाले. "रोज वेगळं सांगते ती."