लबाड कुठली!

पद्मजा जोगळेकर पाचवीला गणित शिकवायची, आणि त्याहून जास्त वेळ ती गणित शिकवत असल्याचा पुरावा द्यायची. जबलपूरच्या घमापूर भागातल्या त्या शाळेनं नवं ॲप आणलं होतं. रोज वर्गात काहीतरी ‘ॲक्टिव्हिटी’ करायची, तिचा व्हिडिओ काढायचा आणि संध्याकाळी पालकांसाठी ॲपवर टाकायचा. पूर्वी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येई आणि चहा पिऊन जाई. आता चाळीस आयाबाप रोज मागच्या बाकावर येऊन बसत, आणि त्यांना चहाही देता येत नसे.

तरी पद्मजाला हा वर्ग मनापासून आवडत होता, आणि त्याचं मोठं कारण गीतांजली होती. गोहलपुरातल्या वेल्डिंगवाल्या गौतमची ही मुलगी. आधीच्या शाळेत काचेचं कपाट फुटलं, ‘मैंने नहीं किया’ म्हणाली, तर बाईंनी तिला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर ‘झूठी’ म्हणून उभं केलं. कपाट शिपायानं फोडलं होतं हे पुढे कळलं, पण तोवर पोरीनं वर्गात तोंड उघडणं सोडलं होतं. या शाळेत आली तेव्हा ती हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

पद्मजानं तिला गोंजारलं नाही, उगाच शाबासकीही दिली नाही. तिनं फक्त आपला जुना नियम लावून धरला. उत्तर कुणाचंही असो, जाँच केल्याशिवाय मानायचं नाही. ‘मैडम का भी नहीं!’ हा नियम गीतांजलीला भलताच मानवला. बाईंचं उत्तर तपासायला मिळतंय म्हटल्यावर ती आधी कुजबुजली, मग बोलली, आणि दिवाळीनंतर तर तिला गप्प बसवायची पाळी यायला लागली. ते गप्प बसवणं पद्मजाला फार गोड वाटायचं.

आणि मग तो थालीपिठाचा दिवस आला. अपूर्णांक शिकवायला पद्मजानं आपल्याच डब्यातलं थालीपीठ काढलं, चार सारखे भाग केले, मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून चालू केला आणि म्हणाली, “गीतांजली, इसमें से एक चौथाई निकालो.”

गीतांजलीनं एक तुकडा उचलला आणि सरळ तोंडात टाकला.

“निकाल दिया, मैडम.”

“अच्छा? अब कितना बचा?”

“तीन चौथाई. लेकिन थोड़ी देर में और कम हो सकता है.”

वर्ग हसून हसून लोळला. पद्मजाही हसली, आणि हसता हसता तिच्या तोंडून घरचं मराठी सटकलं, “लबाड कुठली!”

व्हिडिओ संध्याकाळी ॲपवर चढला. पोळ्या लाटून होईस्तोवर पालकांच्या ग्रुपवर आग लागली होती. पहिला मेसेज गौतमचा होता: मैडम ने मेरी बच्ची को सबके सामने लबाड़ कहा. मग इतरांनी आपापली काडी टाकली. पद्मजाला आधी काही उमजेचना. मग एकदम लख्ख कळलं. जबलपुरात जन्म गेला तिचा. भाजीवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं. इथे लबरा म्हणजे खोटारडा आणि लबरी म्हणजे खोटारडी. तिचा घरातला लाडाचा शब्द दारात गेला की शिवी होत होता, आणि इतक्या वर्षांत तिच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गीतांजली शेवटच्या बाकावर बसली. पद्मजानं मुद्दाम सोपं विचारलं, बाराचा एक तृतीयांश किती. तिला ते झोपेतही आलं असतं. ती उभी राहिली, खाली बघत “नहीं पता” म्हणाली आणि बसली. पद्मजाला वर्गातच रडू येईल असं वाटलं. कुणाचं कपाट फुटलं नव्हतं, पण पोर पुन्हा पहिल्या दिवशी होती तिथे जाऊन बसली होती.

मधल्या सुट्टीत प्राचार्य मॅडमच्या खोलीत गौतम आला होता. अंगावर कामाचाच शर्ट, शेजारी गीतांजली. तो ओरडला वगैरे नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“हमारे यहाँ लबरी झूठी को कहते हैं, मैडम,” तो म्हणाला. “इसको फिर वही सुनना है तो मैं टीसी ले जाता हूँ.”

प्राचार्य मॅडमना टीसी नको होती आणि बभ्राही नको होता. त्यांनी माफीचा कागद आधीच छापून ठेवला होता. पद्मजानं वाचला. ‘क्रोध में अनुचित शब्द निकल गया, इसका मुझे खेद है.’

माफी मागायला पद्मजाची काहीच हरकत नव्हती. पोरीला लागलं होतं, तेवढ्यासाठी तिनं दहादा मागितली असती. पण या कागदावर सही करणं म्हणजे मी रागावले होते आणि तुला खोटारडीच म्हणाले, असं गीतांजलीला लिहून देणं. ते तिच्यानं होणार नव्हतं.

“गौतम भैया, दुख पहुँचा, उसकी माफी माँगती हूँ. लेकिन मैंने झूठी नहीं कहा. मराठी में लबाड मतलब...” आणि इथेच गाडी अडली. नटखट? छे. शैतान? तेही नाही. चालाक तर नकोच. गणिताच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा उत्तर येत होतं आणि मांडता येत नव्हतं. “मतलब प्यार से कहते हैं. घर में मैं सबको कहती हूँ.”

गौतमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. प्राचार्य मॅडमनी पेन पुढे केलं.

तेवढ्यात खालून बारीक आवाज आला.

“मैडम. जाँच?”

गीतांजली अजूनही आपल्या बुटांकडेच बघत होती. पण बोलली होती. पद्मजाच्या अंगात एकदम जीव आला.

“बराबर है,” ती म्हणाली. “मैडम का भी नहीं.”

तिनं पेन बाजूला सारून फोन उचलला, रेल्वेच्या ऑफिसात नवऱ्याला लावला आणि स्पीकर चालू करून टेबलाच्या मधोमध ठेवला. श्रीरंगरावांचा “हां, बोल” ऐकू येताच, प्रस्तावना न करता ती म्हणाली, “अहो, तुम्ही ना, लबाड आहात.”

पलीकडून एक खो-खो हसणं आलं.

“कोणी चुगली केली? एकच खाल्ली ना मी! खोव्याची जलेबी, तीही गरम. समोर सगळे खाऊन राहिले, मी एकट्यानं काहून तोंड बघत बसायचं?”

पद्मजा थिजली. या माणसाची शुगर वाढलेली, सकाळीच देवासमोर गोड बंद केल्याची शपथ घेऊन गेला होता.

“सकाळची शपथ विसरलात? घरी या, मग बघते,” एवढं कसंबसं म्हणून तिनं फोन बंद केला. आणि मग, सगळा जीव टांगणीला लागलेला असतानासुद्धा, तिला हसू आवरेना. गौतमला मराठी थोडंच कळत होतं, पण जलेबी सगळ्या भाषांत कळते. त्याच्या मिशा हलल्या. प्राचार्य मॅडम खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघायला लागल्या.

गीतांजलीनं मात्र मान वर केली होती. तिची तपासणी चालू होती.

“इन्होंने सच में झूठ बोला था?”

“हाँ,” पद्मजा म्हणाली. खोटं बोलून चालणार नव्हतं.

“तो आप गुस्सा हैं?”

“बहुत!”

“नहीं हैं,” गीतांजली म्हणाली. “आप हँस रही हैं. वो भी हँस रहे थे.” मग तिनं वडिलांची बाही ओढली. “पापा, झूठी अलग है. वो बोलते हैं तो कोई नहीं हँसता.”

गौतमनं टेबलावरचा कागद उचलला, त्याची घडी घातली आणि तो खिशात टाकला. “इसकी ज़रूरत नहीं है,” म्हणाला. टीसीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. जाताना प्राचार्य मॅडमनी तेवढं बजावलं, की यापुढे वर्गात, निदान व्हिडिओत, मराठी नको. पद्मजा “जी मैडम” म्हणाली.

पुढच्या आठवड्यात अपूर्णांकांची बेरीज होती. मोबाइल चळतीला टेकवून पद्मजानं फळ्यावर लिहिलं, अर्धा अधिक पाव बरोबर दोन षष्ठांश. चेहरा असा गंभीर ठेवला की देवाचीही फसगत व्हावी. मुलं माना घालून उतरवून घ्यायला लागली. गीतांजली पुन्हा पहिल्या बाकावर होती. तिनं फळ्याकडे पाहिलं. मग बाईंच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. आणि जागेवरून टुणकन उठून, बोट रोखून, खास जबलपुरी ठसक्यात ओरडली,

“मैडम! लबाड़!”

वर्ग खिदळला. पद्मजा चुकलेली बेरीज पुसायच्या निमित्तानं फळ्याकडे वळली आणि जरा जास्तच वेळ पुसत राहिली. घरी हा शब्द नेहमी तिच्याच तोंडून निघायचा, नवऱ्यासाठी, लेकीसाठी. लेक अवंती मराठी सगळं समजायची, पण उत्तर हिंदीतून द्यायची. आई गेल्यापासून पद्मजाला कुणीही लबाड म्हटलं नव्हतं. आपल्याला ते हवं होतं, हेही तिला आत्ता, हातात डस्टर असताना कळलं.

संध्याकाळी ॲपनं नेहमीप्रमाणे विचारलं, व्हिडिओतला काही भाग कापायचा आहे का. पद्मजानं ‘नाही’वर बोट ठेवलं.