निवलेली चाय

"बघ हां, लोक येतील ते पोराला बघायला येतील. तुला कोण विचारायचं नाही. काय होतंय ते तोंडानं सांगायचं," सासूबाई तिच्या बाळंतपणात म्हणाल्या होत्या. "मला काय होतंय?" म्हणत सानिकानं ते उडवून लावलं होतं.

आज पावस गावात शमिकाच्या पडवीत बसून ती तेच विचारत होती. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासाचं शेवटचं वर्ष. नव्या आयांचं मन कसं असतं, हा तिचा विषय. शमिकाचा नवरा मुंबईला कामाला, बाळ दीड महिन्याचं.

"झोप लागते?"

"लागते."

"रडू येतं कधी?"

"नाय ओ ताई. सगळं बरं आहे."

बाळ केव्हाच झोपलं होतं, तरी शमिकाचा थोपटणारा हात थांबत नव्हता. शेजारच्या कपात चायवर साय धरली होती. हीच उत्तरं घेऊन उठलं तर अभ्यासात 'बरी' म्हणून एक बाई वाढेल, आणि शमिका इथं अशीच थोपटत राहील. सानिकानं पेन पिशवीत टाकलं.

"आण त्याला इकडे."

"उठेल ओ."

"उठू दे. माझी नऊ महिन्यांची आहे घरी. तू चाय गरम कर, आणि बसून पी."

"तुमच्या कॉलेजात पोरं सांभाळायला पण शिकवतात काय?" शमिका हसली, पण बाळ तिच्याकडे देऊन उठली.

ती पायरीवर येऊन बसली. अर्धा कप संपला.

"ताई, मघाशी ते रडण्याचं विचारलंत ना?"

"हं."

"परत विचारा."

सानिकानं परत विचारलं. उन्हं पोफळींच्या मागे गेली तरी शमिका बोलत होती. सोमवारी दोघींनी मिळून आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं.

एसटीची वाट बघताना सानिकानं घरी सासूबाईंना फोन लावला. एरवी पहिला प्रश्न लेकीच्या दुधाचा असायचा.

"आई, दुपारच्या जरा पडलात का तुम्ही?"

पलीकडून उलट प्रश्न आला.

"काय गो, बरी आहेस ना तू?"

सानिकाला हसू आलं, डोळेही भरले.

"आले की सांगते."

सोमवारला अजून अवकाश आहे. तोवर पावसच्या बाजूला गेलात, तर शमिकाकडे जरा डोकावून या. बाळ गोड आहे, ते दिसेलच. चाय गरम मिळाली का, तेवढं तिला विचारा.