भट्टीसमोरचा आरसा

मित्रांनो, माझ्या खालच्या कोपऱ्यातला पारा उडाला आहे आणि चौकटीला एक खिळा मागाहून ठोकलेला आहे. तरी मी आरसाच आहे, आणि अजून कामावर आहे.

पहिली बारा वर्षे मी न्हाव्याच्या दुकानात काढली. दाढी झाली की गिऱ्हाईक मान वळवून माझ्यात बघे आणि खूश होऊन जाई. स्तुती न्हाव्याची होई, पण त्यातली थोडी मीही ठेवून घेई. ते दुकान उठले तेव्हा एका बेकरीच्या मालकाने मला आणून हात धुण्याच्या नळावर टांगले.

तिथे पाव भाजायला ताई होत्या आणि पीठ मळायला त्यांची धाकटी बहीण. भट्टीचे तोंड बुटके. पावाचा रंग बघायला ताई दर खेपेला वाकून तोंड झळीत घालत. वीस वर्षांत त्यांची एकही खेप करपली नव्हती.

पुढे त्यांचे गाल आणि नाक लाल होऊ लागले. आधी लाली तासाभरात उतरे, मग उतरेनाशी झाली. पुटकुळ्या आल्या, आग होऊ लागली. ताईंना वाटले, भट्टीची काजळी मुरली. ज्या कोंड्याने ट्रे घासत, त्यानेच त्या माझ्यासमोर रोज गाल घासू लागल्या. शेजारणीचे मलम लावले; आठवडाभर बरे वाटले, मग दुप्पट भडकले. काउंटरवर कोणी कुजबुजले, "भट्टीवाली घेते वाटतं." त्या दिवशी ताईंनी मला भिंतीकडे तोंड करून टांगले. सात महिने मी नुसता चुना बघत होतो.

"डॉक्टरकडे चल ना," धाकटी म्हणे.

"डॉक्टरबाई म्हणतील भट्टी सोड. मग मी काय पाकिटं बांधत बसू?"

"अगं, पण तू पाव भाजतेस की गाल?"

शेवटी डोळेही चुरचुरू लागले, तेव्हा धाकटीने त्यांना हाताला धरून नेले. परतल्यावर ताई मालकांना सांगत होत्या, "रोझेशिया म्हणतात याला. दारूमुळे नाही, घाणीमुळे नाही, कुणाला लागत नाही. मुळापासून जाईल असं नाही, पण ताब्यात राहतं. घासणं बंद, ते मलम बंद. औषध दिलंय. ऊन टाळायचं, चहा निववून प्यायचा, कशाने भडकतं ते लिहून ठेवायचं."

"आणि भट्टी?"

"तोंड झळीपासून लांब ठेवा म्हणाल्या." ताईंचा आवाज उतरला. "लांबून रंग कसा दिसणार?"

धाकटीची पावले माझ्याकडे आली. मग तिने मला भिंतीवरून काढले, सुलटे केले आणि भट्टीसमोरच्या खांबावर तिरके ठोकले. आता बाजूला उभे राहून आतले पाव माझ्यात दिसू लागले.

"पावाचा भांग पाडायचाय का?" मालक म्हणाले. पण पहिलीच खेप करपली, तेव्हा ते हसले नाहीत. "बाई, उद्याही असंच झालं तर भट्टीवर दुसरं माणूस बघावं लागेल."

ताईंनी एक करपलेला पाव माझ्यापुढे धरला. माझ्यात तो छान बदामी दिसत होता.

"म्हातारा रंग फिका दाखवतो गं," त्या म्हणाल्या. मग थबकल्या. "म्हणजे माझे गाल यात दिसायचे त्याहून लाल होते?"

दोघी पोट धरून हसल्या. मला मात्र ओशाळल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी माझ्यात पाव जरा कच्चे दिसत असतानाच ताईंनी खेप बाहेर ओढली. नेमकी भाजली होती. मालकांनी एक पाव मोडून खाल्ला आणि लगेच दुसरा उचलला.

आता लाली बरीच उतरली आहे. एखाद्या दिवशी चढते, तेव्हा ताई वहीत लिहितात, "आज वारा फार होता," आणि कामाला लागतात. संध्याकाळी त्या मऊ फडक्याने माझ्यावरचे पीठ टिपतात, आणि तितक्याच हलक्या हाताने स्वतःचे तोंडही.

मित्रांनो, चेहरा म्हणजे ट्रे नव्हे. कुणाचे गाल लाल दिसले तर कारण आपल्या मनाने ठरवू नका. आणि तुमच्या घरात कोणी आरसा भिंतीकडे वळवला असेल, तर त्याला सुलटा करा. मात्र ज्याने वळवला, त्याचा हात आधी धरा.