उसनं दुखणं

विजयश्रीनं नवऱ्याचं दुखणं तोंडपाठ केलं होतं. रात्री डोळा लागत नाही, लागला तर पहाटेच उघडतो. जेवणावरची वासना उडाली आहे. पोरीच्या हातून पेन्सिल पडली तरी मस्तक फिरतं. डांगे चौकातल्या दवाखान्याचा जिना चढताना ती हे सगळं पुटपुटत होती, फक्त ‘त्यांना’च्या जागी ‘मला’ घालून. जिन्यापाशी मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर ऋता यांची पाटी होती. सुजित त्या पाटीपासून लांब, रसवंतीच्या आडोशाला मोटारसायकल लावून बसला होता. डोक्यावरचं हेल्मेट त्यानं काढलं नव्हतं.

सुजित चाकणच्या एका कंपनीत क्रेन चालवायचा. शेडच्या छताखालच्या केबिनमध्ये बसायचं आणि लोखंडाचे गठ्ठे इकडून तिकडे न्यायचे. कामाला मान होता. त्याच शेडमधला कोंडीरामही तेच करायचा. वर्षाच्या तपासणीत तो डोक्याच्या गोळ्या घेतो हे कळलं आणि त्याला क्रेनवरून उतरवलं. आता तो ट्रॉली ढकलतो आणि काल कामाला लागलेली पोरं त्याला तोंडावर मेंटल म्हणतात.

“माझा कोंडीराम झालेला बघायचाय का तुला?” सुजितनं विचारलं होतं. मग तोडगाही त्यानंच काढला. “तू जा. बाईमाणूस रडलं तर कोणाला नवल वाटायलंय? गोळ्या आण, मी खातो.”

आपलं दुखणं बायकोच्या नावावर खपवायचं आणि स्वतः रसवंतीत लपायचं, ही अक्कल नवऱ्यांनाच सुचावी. पण विजयश्री तरी काय करणार होती? घरात तो बोलायचा तेव्हा ओरडायचा, नाहीतर ओव्हरटाइम मागून घ्यायचा. उदगीरला सासूला सांगितलं तर ती म्हणाली, तापट आहे गं, बापावर गेलाय.

पहिल्या खेपेला सगळं बिनबोभाट पार पडलं होतं. डॉक्टरांनी पाळीचं विचारलं, बाळंतपणानंतर कसं वाटत होतं ते विचारलं. शरीराचं ती खरं सांगत गेली आणि मनाचं नवऱ्याचं सांगत गेली. एकच गोष्ट तिला आपल्या नावावर घेता आली नाही. एका रविवारी नखं काढता काढता सुजित म्हणाला होता, “वरून खाली बघितलं की वाटतं, एखाद्या दिवशी शिडीबिगर उतरावं.” थेरगावात घर सांभाळणाऱ्या बाईनं क्रेन कुठून आणायची? ते वाक्य तिनं गिळलं. डॉक्टरांनी गोळी दिली, रक्त तपासायला सांगितलं, आणि तिनं मुकाट दंड पुढे केला.

गोळीनं फरक पडल्यासारखा वाटत होता. काल सुजित लेकीजवळ बसून तिच्या चित्रात रंग भरत होता. विजयश्रीला तेवढ्यानंही भरून आलं होतं.

आज डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. “तुमचं थायरॉईड बिघडलंय. बायकांमध्ये हे खूप दिसतं. थकवा, उदासपणा, सगळं त्यातून येऊ शकतं. आधी ते ताळ्यावर आणू. ही गोळी सकाळी उपाशीपोटी घ्या, आणि आधीची बंद करू.”

“बंद नका करू,” विजयश्री म्हणाली.

“का?”

खरं सांगावं तर सुजितची क्रेन जाणार आणि तो आपलं तोंड बघणार नाही. गप्प बसावं तर गोळी जाणार. मग पुन्हा ते ओरडणं, आणि ते वाक्य. खुर्चीतून उठून पळून जावं असं तिला वाटलं, पण खाली तोच बसला होता.

“मॅडम, ती गोळी मी खात नाही. ते खातात.”

डॉक्टर चिडल्या आणि ते रास्तच होतं. “तुमच्या तोंडून ऐकून, तुमचं रक्त बघून, मी त्यांना औषध देत होते? पुरुषाचं शरीर वेगळं, आजार बाहेर पडायची तऱ्हाही पुष्कळदा वेगळी. बाई रडते म्हणून तिला कुणीतरी माझ्याकडे आणतं. पुरुष चिडतो, पितो, नाहीतर कामात बुडतो, आणि घरचे म्हणतात स्वभाव आहे. अजून काही सांगायचं राहिलंय का?”

विजयश्रीनं शिडीचं सांगितलं.

डॉक्टरांचा राग उतरला. “ते आत्ता कुठे आहेत?”

तिनं फोन लावला. “वर या,” एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला.

“आणि तुम्ही?” वाट बघताना डॉक्टरांनी विचारलं. “थायरॉईड तर तुमचंच आहे. तुम्हाला काय होतं?”

“कपडे वाळत घालताना हात वर होत नाहीत,” विजयश्री म्हणाली. “मग तिथंच खाली बसते. मला वाटलं, यांच्या टेन्शननं होतंय.” बोलताना तिचा आवाज फाटला. पाठ केलेलं सांगताना तसं झालं नव्हतं.

सुजित हेल्मेटसकट आत आला. काच खाली होती. डॉक्टरांनी बसायला सांगितलं तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

“शिडीशिवाय उतरावं असं कधी वाटतं?” त्यांनी सरळच विचारलं.

हेल्मेट विजयश्रीकडे वळलं. आता हा उठणार, असं तिला वाटलं. तो उठला नाही.

“रोज,” तो आतून म्हणाला. “शिफ्ट सुटताना.”

काचेवर आतून वाफ धरली होती. विजयश्रीनं हात पुढे करून काच वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते.

“सध्या क्रेनवर चढायचं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “यांनाही उपचार हवेत. यांचं रक्त, यांचं औषध वेगळं. तुमचं आपण आत्ता पहिल्यापासून बघू.”

“हिला काय झालंय?” सुजितनं विचारलं. कुणी उत्तर द्यायच्या आतच त्याला क्रेनचं आठवलं. “मग मी ट्रॉली ढकलू का?”

प्रश्न डॉक्टरांना होता, पण तो बघत होता बायकोकडे.

“ढकला,” विजयश्री म्हणाली.